विंडोज काढून लिनक्स टाकताय? आधी ऑफिसच्या फायली बघा

ह्या अंकात विषय एकच, ओपन सोर्स ऑपरेटिंग सिस्टिम, म्हणजे जिचा कोड कोणालाही बघता, बदलता आणि वापरता येतो अशी सिस्टिम, जसं लिनक्स. जर्मनीतलं एक राज्य विंडोज सोडतंय, फ्रान्सच्या पोलिसांनी तर कधीच सोडलं, अशा बातम्या वाचून बऱ्याच जणांनी प्रश्न पाठवलेत. सारखे सारखे प्रश्न एकत्र केलेत, नावं मुद्दाम टाकली नाहीत.

प्रश्न: मी एका कंपनीत अकाउंट्स बघते. आमच्याकडे सगळे म्हणतात लिनक्स फुकट आहे म्हणून सरकारं तिकडे वळतायत. खरंच तेवढे पैसे वाचतात का हो?

ताई, लायसन्सचे पैसे वाचतात हे खरंय, पण ते सगळेच्या सगळे हातात राहत नाहीत. मशीन बदलायला माणसं लागतात, लोकांना शिकवायला वेळ जातो, जुने मॅक्रो (फायलीत आपोआप काम करणारी छोटी प्रोग्रॅम) आणि टेम्प्लेट (तयार नमुने) परत बनवायला लागतात, आणि नंतर सपोर्टला कोणीतरी पगारी माणूस नाहीतर कंपनी लागतेच. जर्मनीतल्या श्लेस्विग-होल्स्टाइन राज्याने स्वतःचा जो हिशोब दिलाय तो असा, की २०२६ मध्ये लायसन्सचे दीड कोटी युरोहून जास्त वाचतील आणि बदल करण्याचा एकदाच होणारा खर्च साधारण ९० लाख युरो. म्हणजे पहिल्या वर्षी बचतीतला अर्ध्याहून जास्त भाग कामातच जातो, फायदा दिसायला लागतो तो पुढच्या वर्षांत. फ्रान्सच्या जांदार्मरीने, म्हणजे तिथल्या एका राष्ट्रीय पोलीस दलाने, २०१३ मध्ये सांगितलं होतं की मशीन विकत घेण्यापासून सांभाळण्यापर्यंतचा त्यांचा एकूण खर्च ४० टक्क्यांनी कमी झाला, पण तोपर्यंत त्यांना ह्या वाटेवर सात-आठ वर्षं झाली होती हे पण बघा.

मला मात्र वाटतं पैशाची चर्चा दुसऱ्या नंबरवर ठेवायला हवी. २००१-०२ मध्ये पेरूच्या संसदेत सरकारी कामात ओपन सोर्सच वापरावं असं एक विधेयक आलं होतं, मायक्रोसॉफ्टच्या तिथल्या मॅनेजरने त्यावर आक्षेपाचं पत्र लिहिलं आणि एडगर व्हियानुएवा नावाच्या खासदारांनी त्याला लांबलचक उत्तर दिलं. ते उत्तर तेव्हा जगभर फिरलं, आणि फिरायलाच हवं होतं इतकं ते नीट लिहिलंय. त्यांचं म्हणणं असं की आमचा मुद्दा मुळात पैशाचा नाहीच, आमचे मुद्दे तीन आहेत. नागरिकाला सरकारी माहिती एखाद्या ठरावीक कंपनीचं सॉफ्टवेअर विकत न घेता बघता आली पाहिजे. आज साठवलेली माहिती उद्या ती कंपनी असो नसो उघडता आली पाहिजे. आणि सरकार ज्या यंत्रावर लोकांची माहिती ठेवतं त्याच्या आत काय चाललंय हे सरकारला तपासता आलं पाहिजे. वीस वर्षांहून जास्त काळ झाला, पण आज युरोपातले मंत्री जे बोलतायत ते ह्यापेक्षा फार वेगळं नाहीये.

तुम्ही अकाउंट्समध्ये आहात म्हणून एक सांगते, मॅनेजमेंटला फक्त लायसन्सच्या बचतीचा आकडा दाखवून हा निर्णय घ्यायला लावू नका. फक्त किंमत बघून निघालेलं ऑफिस समोरच्याने मोठा डिस्काउंट दिला की परत फिरतं.

प्रश्न: म्युनिक शहराने मोठ्या थाटात लिनक्स आणलं आणि मग गपचूप विंडोजवर परत गेले ना? मग हे सगळं फेल गेलेलंच प्रकरण नाही का?

गपचूप काही नाही, भर सभेत मतदान घेऊन गेले. पण प्रश्न महत्त्वाचा आहे कारण ह्या विषयावर कुठेही बोला, म्युनिकचं नाव निघतंच, आणि बहुतेक वेळा अर्धीच गोष्ट सांगितली जाते.

झालं असं. शहराच्या मशीनवर विंडोज एनटी होतं आणि त्याचा सपोर्ट संपत आला होता. २००३ मध्ये शहराच्या सभेने ठरवलं की आता लिनक्सवर जायचं. हे टाळायला मायक्रोसॉफ्टचे तेव्हाचे प्रमुख स्टीव्ह बाल्मर आपली स्कीइंगची सुट्टी मध्येच सोडून महापौर क्रिस्टियान उडे यांना भेटायला आले, कंपनीने भावही बराच खाली आणला, तरी सभेने मत लिनक्सलाच दिलं. प्रोजेक्टचं नाव लिमक्स. प्रत्यक्ष मशीन बदलायला २००६ उजाडलं आणि २०१३ च्या शेवटी काम संपलं तेव्हा १५ हजारांच्या आसपास मशीन लिनक्सवर होती. हजारो टेम्प्लेट आणि मॅक्रो गोळा करून, त्यातली डुप्लिकेट काढून, त्यासाठी वोलमक्स नावाचं स्वतःचं टूल लिहिलं आणि तेसुद्धा सगळ्यांसाठी खुलं केलं. मला ह्या माणसांच्या कामाबद्दल फार आदर आहे, एका शहराच्या आयटी खात्याने इतकं करणं साधी गोष्ट नाहीये.

मग बिघडलं कुठे? एक तर शहराची आयटी यंत्रणा फार विखुरलेली होती, प्रत्येक खात्याची आपली वेगळी टीम, वेगळी पद्धत, त्यामुळे एखादी तक्रार आली की ती कोणी सोडवायची हेच ठरेना आणि अपडेट एकाकडे आज तर दुसऱ्याकडे सहा महिन्यांनी. दुसरं, काही खात्यांची खास सॉफ्टवेअर फक्त विंडोजवरच चालायची, त्यामुळे विंडोजची मशीन पूर्ण कधी गेलीच नाहीत आणि शहराला दोन-दोन सिस्टिम सांभाळाव्या लागल्या, तो ताण कायमचा राहिला. तिसरं म्हणजे बाहेरून येणारी डॉक्युमेंट, बाकी सगळं जग वर्ड-एक्सेलच्या फायली पाठवायचं आणि इथे उघडल्यावर मांडणी हलायची, टेबल पुढच्या पानावर जायचं, कर्मचारी वैतागायचे आणि वैताग निघायचा लिनक्सवर. खरं तर त्यात ऑपरेटिंग सिस्टिमचा काही संबंध नव्हता, तो ऑफिस सॉफ्टवेअरचा आणि फाइल फॉरमॅटचा प्रॉब्लेम होता, पण टेबलावर बसलेल्या माणसाला हा फरक कोण समजावणार. २०१४ मध्ये महापौर बदलले, नवे महापौर डीटर रायटर ह्या प्रोजेक्टच्या बाजूचे नव्हते. २०१६ मध्ये शहराने सल्लागार नेमून अहवाल घेतला, त्यातही मोठी दुखणी यंत्रणेच्या रचनेत आहेत असंच निघालं, तरी नोव्हेंबर २०१७ मध्ये सभेने विंडोजवर परत जायचा ठराव केला. पुढे २०२० मध्ये परत नवी आघाडी आली आणि तिच्या करारात जनतेच्या पैशातून बनलेलं सॉफ्टवेअर शक्य तिथे जनतेसाठी खुलं असावं असं कलम आलं. म्हणजे म्युनिकची गोष्ट अजून संपलेली पण नाहीये.

आता ह्याच्या शेजारी फ्रान्सची जांदार्मरी ठेवून बघा, कारण शिकण्यासारखं सगळं ह्या तुलनेत आहे. त्यांनी सुरुवात ऑपरेटिंग सिस्टिमपासून केलीच नाही. २००५ मध्ये आधी विंडोजवरच ओपनऑफिस हे खुलं ऑफिस सॉफ्टवेअर आणलं. मग २००६ मध्ये ब्राउझर फायरफॉक्स आणि ईमेलसाठी थंडरबर्ड, तेही विंडोजवरच. लोकांची रोजची सवय बदलली, फायली खुल्या फॉरमॅटमध्ये आल्या, आणि मग विंडोज व्हिस्टा आलं तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की व्हिस्टावर जायचं तरी लोकांना शिकवायला लागणारच आहे, मग उबंटू ह्या लिनक्सच्या एका आवृत्तीवरच का जाऊ नये. २००८ पासून मशीन बदलायला घेतली, त्यांच्या आवृत्तीचं नाव जेंडबंटू. कर्मचाऱ्यांच्या दृष्टीने त्या दिवशी फारसं काही बदललंच नाही, कारण ते वापरत असलेली सगळी प्रोग्रॅम तीच होती, फक्त खालची सिस्टिम बदलली. घाई पण नव्हती, जुनं मशीन जाईल तेव्हा नवीन येताना जेंडबंटू. २०१३ मध्ये ३७ हजार मशीन झाली होती आणि जून २०२४ मध्ये एक लाखाहून जास्त मशीनपैकी ९७ टक्के. आणि हे पोलीस दल आहे, केंद्राचा हुकूम खालपर्यंत जातो, इथे प्रत्येक खातं आपापलं चालवत नाही, हा पण त्यांचा मोठा फायदा होता हे मान्य करायला हवं.

परत फिरलेले म्युनिक एकटे नाहीत. जर्मनीतल्याच लोअर सॅक्सनी राज्याच्या कर खात्यात लिनक्सवर चालणारी १३ हजारांच्या आसपास मशीन परत विंडोजवर न्यायचं २०१८ मध्ये ठरलं, कारण फील्डवरचे लोक आणि दुसऱ्या राज्यांची कर खाती विंडोजवर होती आणि सगळ्यांना मिळून एकच सॉफ्टवेअर वापरायचं होतं. शेजारी काय वापरतात ह्याचा जोर फार असतो.

प्रश्न: सोर्स कोड सगळ्या जगाला दिसतो म्हणता, मग तो हॅकरला पण दिसतो की. सरकारने असली सिस्टिम वापरणं धोक्याचं नाही का?

दादा, हॅकरला दिसतो हे खरंच आहे. पण कोड लपवून ठेवल्याने हॅकर थांबतात असा अनुभव नाही, बंद सिस्टिममध्ये दर महिन्याला भोकं सापडतातच आणि दर महिन्याला पॅच येतातच. खुल्या कोडचा फायदा एवढाच की ज्याला तपासायचं आहे त्याला तपासता येतं. तपासलं जाईलच ह्याची गॅरंटी मात्र कोड खुला असल्याने मिळत नाही, आणि इथे ओपन सोर्सवाले कधी कधी जास्त बोलून जातात.

उदाहरण हार्टब्लीड. एप्रिल २०१४ मध्ये कळलं की ओपनएसएसएल नावाच्या लायब्ररीत (म्हणजे बाकीची प्रोग्रॅम वापरतात अशा तयार कोडात), जी जगातल्या वेबसाइटच्या मोठ्या हिश्श्याचं एन्क्रिप्शन सांभाळत होती, दोन वर्षांहून जास्त काळ एक भोक पडून होतं. कोड पूर्ण खुला, पण तो सांभाळणारी मोजकी माणसं आणि त्यांना वर्षाला मिळणाऱ्या देणग्या साधारण २ हजार डॉलर. अब्जावधींचे धंदे ज्या कोडवर उभे, त्याला बघायला पैसे कोणी देत नव्हतं.

दुसरं उदाहरण मला जास्त अस्वस्थ करतं. एक्सझेड नावाचं फायली कॉम्प्रेस करायचं छोटं टूल आहे, जवळजवळ प्रत्येक लिनक्समध्ये असतं, आणि ते मुख्यतः एकच माणूस फावल्या वेळात सांभाळत होता. कोणीतरी खोट्या नावाने दोन वर्षांहून जास्त काळ त्या प्रोजेक्टमध्ये नीट काम करून विश्वास कमावला आणि २०२४ च्या सुरुवातीला त्यात चोरदरवाजा घातला. तो पकडला कोणी, तर आंद्रेस फ्रॉइंड नावाच्या इंजिनिअरने, ते मायक्रोसॉफ्टमध्ये काम करतात आणि पोस्टग्रेस डेटाबेसचे डेव्हलपर आहेत. त्यांना एका मशीनवर रिमोट लॉगिनला अर्धा सेकंद जास्त लागतोय असं दिसलं, दुसरा कोणी असता तर सोडून दिलं असतं, ते खोदत गेले आणि २९ मार्चला जगाला सांगितलं. बहुतेक मोठ्या सिस्टिममध्ये ती आवृत्ती पोचायच्या आतच पकडली गेली. कोड खुला होता म्हणून ते खोदू शकले, आणि सांभाळणारा एकटा पडला होता म्हणून चोर आत येऊ शकला, दोन्ही खरंय.

म्हणून जे सरकार लायसन्सचे पैसे वाचवून त्यातला काही भाग ह्या लोकांना देत नाही त्याच्याबद्दल मला राग येतो. सुरक्षेसाठी पैसे खर्च करावेच लागतात, फक्त ते कोणाला द्यायचे हे इथे आपल्या हातात असतं.

आणि सगळ्यांनी एकच गोष्ट वापरण्याचा धोका वेगळाच. १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइक ह्या सिक्युरिटी कंपनीच्या एका चुकीच्या अपडेटने मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाप्रमाणे ८५ लाख विंडोज मशीन बंद पडली, विमानं जमिनीवर, हॉस्पिटलं अडकली. चूक विंडोजची नव्हती. पण जिथे तिथे एकच सिस्टिम आणि त्यावर एकच सिक्युरिटी सॉफ्टवेअर असलं की एक चूक सगळीकडे एकदम पोचते, आणि उद्या सगळं जग एकाच लिनक्सवर गेलं तर हेच लिनक्सचंही होईल.

प्रश्न: सरकारचं ठीक आहे, त्यांना कोणी विचारत नाही. धंदेवाल्या कंपन्या खरंच लिनक्सवर विसंबतात का?

सर, डेस्कटॉप सोडून द्या, बाकी सगळीकडे कधीच विसंबून झालंय. नोव्हेंबर २०१७ पासून जगातल्या सगळ्यात वेगवान ५०० सुपरकॉम्प्युटरच्या यादीत ५०० च्या ५०० लिनक्सवर आहेत. लंडन स्टॉक एक्स्चेंजची ट्रेडिंग सिस्टिम विंडोजवर होती, सप्टेंबर २००८ मध्ये ती जवळजवळ सात तास बंद पडली, आणि २०११ मध्ये त्यांनी लिनक्सवरची नवी सिस्टिम आणली. अँड्रॉइड फोनच्या तळाशी लिनक्सच आहे. गूगलचे इंजिनिअर स्वतःच्या मशीनवर डेबियन ह्या लिनक्सच्या आवृत्तीवर आधारलेलं जीलिनक्स वापरतात. अंतराळ स्थानकातले लॅपटॉप २०१३ मध्ये विंडोज एक्सपीवरून डेबियनवर नेले. आणि ज्या मायक्रोसॉफ्टच्या प्रमुखांनी २००१ मध्ये लिनक्सला कॅन्सर म्हटलं होतं तीच कंपनी २०१६ मध्ये लिनक्स फाउंडेशनची मेंबर झाली, कारण त्यांच्या क्लाउडवर गिऱ्हाइकांना लिनक्सच हवं होतं.

पण कंपनीवाल्यांनी एक गोष्ट लक्षात ठेवायला हवी, ओपन सोर्समध्येही कोणावर तरी विसंबणं असतंच. सेंटओएस ही रेड हॅट कंपनीच्या लिनक्स सिस्टिमची फुकट मिळणारी हुबेहूब आवृत्ती होती, असंख्य सर्व्हर त्यावर चालायचे. डिसेंबर २०२० मध्ये जाहीर झालं की सेंटओएस ८ चा सपोर्ट २०२९ पर्यंत नाही, २०२१ च्या शेवटीच संपणार. एका वर्षाची नोटीस, लोक भयंकर चिडले, आणि बरोबरच चिडले. फरक पुढे दिसला. कोड खुला असल्यामुळे २०२१ च्या मध्यापर्यंत अल्मालिनक्स आणि रॉकी लिनक्स अशा दोन तशाच सिस्टिम तयार होत्या, सर्न आणि फर्मीलॅबसारख्या संशोधन संस्थांनी नंतर अल्मा घेतली. मालकाने दार बंद केलं तरी बाहेर पडायला दुसरं दार होतं, बंद सॉफ्टवेअरमध्ये ते नसतं.

प्रश्न: चीन आणि रशिया स्वतःची सिस्टिम बनवतायत, आता युरोप पण. हे तंत्रज्ञान आहे की राजकारण?

आजच्या घडीला राजकारण जास्त, आणि ते उघडपणे बोललं जातंय. चीनमध्ये कायलिन आणि यूओएस, रशियात लष्करापासून सरकारी ऑफिसांपर्यंत ॲस्ट्रा लिनक्स, तुर्कस्तानचं पार्डस तर २००५ पासून आहे. ह्या सगळ्यांचा पाया तोच लिनक्स, म्हणजे शून्यातून कोणी काही बांधलेलं नाही.

मे २०१९ मध्ये अमेरिकेने ह्वावे कंपनीला व्यापाराच्या काळ्या यादीत टाकलं तेव्हा काय झालं ते बघा. नव्या फोनवर गूगलचं ॲप स्टोअर, मॅप, ईमेल सगळं बंद. पण अँड्रॉइडचा जो खुला भाग आहे तो कोणाला काढून घेता आला नाही, तो ते वापरतच राहिले आणि त्याच्या बळावर त्यांना आपलं स्वतःचं उभं करायला वेळ मिळाला. परवान्यातलं एक वाक्य एखाद्या देशाच्या निर्बंधापेक्षा टिकाऊ ठरू शकतं हे तेव्हा बऱ्याच सरकारांच्या डोक्यात शिरलं.

युरोपला धक्का बसला २०२५ मध्ये. हेगच्या आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाच्या मुख्य वकिलांवर अमेरिकेने निर्बंध लावले आणि त्यांचं ईमेल खातं बंद झाल्याची बातमी आली, मायक्रोसॉफ्टचं म्हणणं असं की आम्ही न्यायालयाची सेवा थांबवली नाही. नेमकं काही असो, प्रश्न सगळ्यांना पडला की आपल्या कोर्टाचं, मंत्रालयाचं ईमेल दुसऱ्या देशाच्या कायद्याखाली चालतंय का. त्याच वर्षी त्या न्यायालयाने जर्मनीच्या ओपनडेस्क ह्या खुल्या सॉफ्टवेअर संचाकडे वळायचं ठरवलं, डेन्मार्कच्या डिजिटल मंत्रालयाने लिब्रेऑफिस हे खुलं ऑफिस सॉफ्टवेअर आणायचं जाहीर केलं, फ्रान्समधल्या लिऑन शहराने लिनक्स आणि खुल्या ऑफिस सॉफ्टवेअरकडे जायचं जाहीर केलं.

इथे दोन गोष्टी मला टोचतात. एक, सिस्टिम खुली आहे म्हणून ती वापरणारं सरकार नागरिकांशी खुलं वागेल असं अजिबात नाही, लिनक्सवर पाळत ठेवायची यंत्रणा पण तितकीच छान चालते. दुसरं, मशीनवर लिनक्स टाकलं आणि सगळ्या फायली, ईमेल, मीटिंग परत कोणा परक्या कंपनीच्या क्लाउडवरच ठेवल्या तर स्वावलंबनाच्या गप्पांना अर्थ राहत नाही. श्लेस्विग-होल्स्टाइनवाल्यांना हे कळलंय असं त्यांच्या क्रमावरून वाटतं. एप्रिल २०२४ मध्ये त्यांनी साधारण ३० हजार टेबलांवर आधी लिब्रेऑफिस आणायचं ठरवलं, मग ऑक्टोबर २०२५ पर्यंत ४० हजारांहून जास्त ईमेल खाती मायक्रोसॉफ्टच्या एक्स्चेंज आणि आउटलुकवरून ओपन-एक्सचेंज आणि थंडरबर्डवर नेली. ईमेल हलवताना त्रास झाला, कर्मचाऱ्यांनी जाहीर तक्रारी केल्या, पण ऑपरेटिंग सिस्टिम त्यांनी मागेच ठेवलीये, जांदार्मरीसारखीच.

प्रश्न: मला पुढे आयटीत जायचंय. लिनक्स शिकून नोकरी मिळते का?

हो. सर्व्हर, क्लाउड, नेटवर्क ह्यातलं जवळजवळ कुठलंही काम असो, कमांड लाइनवर (म्हणजे हुकूम टाइप करून कॉम्प्युटर चालवण्यावर) हात बसलेला असला तर तू पुढे असशील. जुन्या लॅपटॉपवर डेबियन किंवा उबंटू टाक, सिस्टिम मोडली तर फोरमवर विचारायच्या आधी लॉग, म्हणजे सिस्टिमने ठेवलेल्या नोंदी, वाचायची सवय लाव, आणि जमेल तेव्हा एखाद्या छोट्या प्रोजेक्टचं डॉक्युमेंटेशन तरी सुधार. भारतातच केरळच्या सरकारी शाळांमध्ये दोन लाखांहून जास्त कॉम्प्युटर उबंटूवर आधारलेल्या सिस्टिमवर चालतात, म्हणजे तुझ्या वयाची मुलं हे रोज वापरतायत.

प्रश्न: आमच्या ऑफिसात चाळीसेक मशीन आहेत, बरीचशी जुनी. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि नवं विंडोज ह्यांच्यावर चढत नाही. साहेब म्हणतात पुढच्या महिन्यात सगळीकडे लिनक्स टाकून मोकळे व्हा. आयटीचं काम माझ्या एकट्याकडे आहे. काय करू?

सगळ्यात आधी साहेबांना सांगा की पुढच्या महिन्यात सगळीकडे होणार नाही, आणि का होणार नाही हे वर म्युनिकच्या उत्तरात आहे ते दाखवा. मशीन जुनी आहेत हे कारण चांगलंच आहे, जुन्या हार्डवेअरवर लिनक्स खरंच चालतं, पण गडबड मशीनमध्ये होत नाही, कामात होते.

म्हणून पहिला आठवडा काहीही इन्स्टॉल न करता नुसतं फिरा. प्रत्येकाच्या टेबलावर जाऊन विचारा की दिवसभरात काय काय उघडता. तुम्हाला आश्चर्य वाटेल इतक्या जणांचं काम ब्राउझर, ईमेल आणि साध्या शीट एवढ्यावर चालतं, ही माणसं सगळ्यात सोपी. मग एक दोन टेबलं अशी निघतील जिथे अकाउंटिंगचं सॉफ्टवेअर फक्त विंडोजवर चालतं, डिजिटल सहीचा टोकन लागतो, किंवा कोणीतरी दहा वर्षांपूर्वी लिहिलेल्या एक्सेलच्या मॅक्रोवर पूर्ण महिन्याचा पगार निघतो आणि लिहिणारा माणूस नोकरी सोडून गेलाय. त्या टेबलांना सध्या हातच लावू नका. तिथे सपोर्ट असलेलं विंडोज ठेवा, मशीन नवं घ्यावं लागलं तरी घ्या, किंवा एका सर्व्हरवर विंडोज ठेवून तेवढंच सॉफ्टवेअर रिमोटने उघडायला द्या. शंभर टक्के लिनक्स हे ध्येय ठेवलंत तर शेवटची ती दोन टेबलंच तुमचं सगळं वर्ष खातील.

हे चालू असताना आत्ता जे विंडोज आहे त्यावरच सगळ्यांना लिब्रेऑफिस, फायरफॉक्स आणि थंडरबर्ड द्या. दोन-तीन महिने राहू दे. तक्रारी येऊ देत, त्या लिहून ठेवा, कारण ह्या तक्रारी आत्ता आल्या तर मागे फिरायला जागा आहे, ऑपरेटिंग सिस्टिम बदलल्यावर आल्या तर नाही. बाहेरून आलेल्या डॉक्युमेंटची मांडणी हलते ही तक्रार नक्की येणार, आणि त्यातली बरीचशी फॉन्टमुळे असते. कॅलिब्री आणि कँब्रिया हे फॉन्ट लिनक्सवर नसतात, त्यांच्या जागी कार्लिटो आणि कॅलॅडिया नावाचे खुले फॉन्ट टाका, अक्षरांची रुंदी तंतोतंत तीच ठेवलेली आहे त्यामुळे ओळी जिथल्या तिथे राहतात. एरियल आणि टाइम्ससाठी लिबरेशनचे फॉन्ट. एवढ्याने अर्ध्या तक्रारी गप्प होतील. बाहेर पाठवायचं आणि समोरच्याने बदलायचं नसेल ते पीडीएफमध्येच पाठवा हा नियम करून टाका. आतल्या कामासाठी ओडीएफ हा खुला फाइल फॉरमॅट वापरा, तो २००६ पासून आंतरराष्ट्रीय स्टँडर्ड आहे.

जुन्या मशीनची नेटची गरज असेल तर ह्या दोन-तीन महिन्यांत सुरक्षेचं काय हा प्रश्न येईल, त्यासाठी विंडोज १० चे पैसे भरून मिळणारे वाढीव अपडेट घ्या, तेवढा खर्च करा. वेळ विकत घेण्यासारखा दुसरा चांगला खर्च ह्यात नाही.

मग पेन ड्राइव्हवरून लिनक्स चालवून प्रत्येक प्रकारचं एकेक मशीन तपासा, इन्स्टॉल न करताच वायफाय, आवाज, प्रिंटर, स्कॅनर कळून येतं. स्कॅनर सगळ्यात हट्टी. हजेरीचं बायोमेट्रिक यंत्र असेल तर त्याचं सॉफ्टवेअर आधी बघा. आवृत्ती घेताना एलटीएस (लांब मुदतीच्या सपोर्टची) घ्या, म्हणजे पाच वर्षं अपडेट मिळत राहतात, आणि चाळीस मशीनवर चाळीस प्रकारची लिनक्स होऊ देऊ नका, एकच ठरवा, अगदी डेस्कटॉपचं रूप पण एकच. हाताने चाळीस वेळा इन्स्टॉल करत बसू नका, अॅन्सिबलसारखं टूल शिकून घ्या, एकदा लिहिलेली सेटिंग सगळीकडे जाते आणि तुम्ही सुट्टीवर असताना दुसऱ्याला पण कळतं की काय केलंय.

पहिल्या पाच मशीनसाठी जे स्वतःहून हो म्हणतील तेच घ्या, आणि त्यात एखादा वरिष्ठ माणूस असेल तर फारच उत्तम, साहेब स्वतः तयार झाले तर त्याहून बरं. जबरदस्तीने दिलेलं मशीन कायम बिघडलेलंच असतं असा सगळ्यांचा अनुभव आहे. दर वेळी डेटाचा बॅकअप घेऊन तो दुसऱ्या मशीनवर उघडून बघा, नुसता घेतला एवढ्यावर थांबू नका.

आणि एक मागणी आत्ताच लेखी करून ठेवा. लायसन्सचे जे पैसे वाचणार आहेत त्यातून एखाद्या सपोर्ट देणाऱ्या कंपनीशी वर्षाचा करार, आणि तुमच्या हाताखाली अर्ध्या वेळेचा का होईना पण एक माणूस. चाळीस मशीन, नवी सिस्टिम आणि तुम्ही एकटे, हे गणित तुम्ही कितीही हुशार असलात तरी बसणार नाही. ह्या दोन्ही गोष्टींना साहेब नाही म्हणाले तर पाच मशीनवरच थांबा आणि वर्षभराने परत विचारा.